लष्करी खोगीर घेण्याआधी

जुन्या लष्करी पद्धतीचं खोगीर घ्यायचा विचार घोडा पाळणारे बरेच जण करतात. दिवसभर चालायचं असेल, घाट चढायचा असेल, सोबत पाणी, तोबरा आणि घोंगडी न्यायची असेल, तर हे खोगीर चांगलंच उपयोगी पडतं. आम्हीही त्यासाठीच घेतलं. त्यात माझ्या घोडीची पाठ दुखावली आणि ती बरी होईपर्यंत एक अख्खा हंगाम गेला. इतर कुणावर ही पाळी येऊ नये, म्हणून काय घडलं ते क्रमाने सांगते.

आमची शेती सातारा तालुक्यात आहे. बिजली ही आमची कुमैत काठेवाडी घोडी. पुण्यात नोकरीला असताना मी रायडिंग शिकले, ते सगळं साध्या इंग्रजी सॅडलवर. रिंगणात तासभर बसायला ते सॅडल ठीक असतं. पण आम्हाला डोंगरवाटांनी फिरायचं होतं आणि त्या सॅडलला सामान बांधायला जागाच नव्हती. म्हणून जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडून लष्करी खोगीर घेतलं. चामडं काळंभोर आणि चकचकीत होतं. जागोजागी पितळी कड्या होत्या. खाली लावायच्या गाद्या मात्र नव्हत्या. मी विचारलं, तेव्हा व्यापारी म्हणाला, “त्याची गरज नसते, खाली घोंगडी टाकली की झालं.”

घरी आल्यावर जाड घोंगडी घातली आणि वर खोगीर चढवलं. तंग आवळताना बिजलीने कान मागे पाडले आणि माझ्या दंडाकडे तोंड वळवलं. तिची ती सवय नव्हती. नवं सामान आहे, बुजली असेल, असं सगळे म्हणाले. आम्ही रस्त्याने फिरून आलो. उतारावर ती लहान पावलं टाकत होती, डोकं वर धरून चालत होती.

परत आल्यावर खोगीर काढलं. पाठ घामाने ओली होती, पण उजव्या बाजूला, खांद्याच्या जरा मागे, तळहाताएवढी जागा पूर्ण कोरडी होती. तिथं घाम का नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच सूज आली होती. खरारा करायला गेले, तर तिने अंग चोरून पाठ खाली दाबली. मला फार वाईट वाटलं. जनावर बोलत नाही, पण ती आदल्या दिवसापासून सांगतच होती.

पशुवैद्यकांनी सांगितलं की कोरडी जागा हीच खूण आहे. सगळी पाठ घामेजलेली असताना एखादा तुकडा कोरडा राहिला, तर तिथं दाब फार पडला असं समजायचं. तिथलं रक्त अडतं, घामाच्या ग्रंथी काम करत नाहीत. दाब पुन्हा पुन्हा पडत राहिला तर कातडी मरते, जखम होते, आणि बरी झाली तरी तिथं पांढरे केस येतात. त्यांनी सूज उतरायचं औषध दिलं, थंड पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या, आणि सूज आणि दुखणं पूर्ण जाईपर्यंत पाठीवर काहीही घालायचं नाही, अशी ताकीद दिली. जाताना म्हणाले, “घोडीला काही झालेलं नाही. खोगीर तपासा.”

खोगीर तपासायचं म्हणजे काय करायचं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या शेजारच्या गावात घोडदळातून निवृत्त झालेले एक दफेदार राहतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. ते जयपूरच्या ६१ कॅव्हलरीत होते. संस्थानांची घोडदळं एकत्र करून १९५३ साली उभी राहिलेली ही रेजिमेंट, आणि तिथं अजून घोडे आहेत. आबांना बोलावलं. ते आले, आधी बिजलीच्या पाठीवरून हात फिरवला, मग म्हणाले, “पोरी, एक पोतं आंथर आणि खोगीर उलटं ठेव. वरचं चामडं नंतर बघू.”

त्या सकाळी त्यांनी खोगिराचा एकेक भाग सुटा केला आणि त्याचं काम समजावून सांगितलं. त्याच क्रमाने मी इथं देते. आमचं खोगीर ब्रिटिश लष्कराच्या युनिव्हर्सल पॅटर्नचं होतं, १९१२ च्या नमुन्यावर बनवलेलं. लंडनच्या हाउसहोल्ड कॅव्हलरीचे स्वार अजूनही या जातीची खोगिरं वापरतात.

सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे सांगाडा. घोडदळात त्याला ट्री म्हणतात. तो बाहेरून दिसत नाही, पण खोगीर म्हणजे मुळात तोच. त्यात चार तुकडे असतात. दोन पोलादी कमानी आणि दोन लाकडी फळ्या. पुढची कमान विदर्सवर येते, म्हणजे मान जिथं संपते तिथं खांद्यांच्या वर जो उंचवटा असतो, त्याच्यावर. मागची कमान पाठीच्या मागच्या भागावर येते. दोन्ही कमानी दोन फळ्यांना जोडलेल्या असतात. फळ्या कण्याच्या दोन बाजूंना, बरगड्यांवरच्या मांसल भागावर लांब टेकतात. कणा मधल्या मोकळ्या जागेत राहतो. त्याला काहीच लागत नाही आणि त्याच्यावरून वारा खेळतो. आबा म्हणाले, “वजन बरगड्यांवर. कण्यावर न्हाई, कमरेवर न्हाई, खवाट्यावर न्हाई. बाकी सगळं ह्याच्यातनं निघतं.”

१९१२ च्या नमुन्याचं वैशिष्ट्य या जोडणीत आहे. त्याआधीच्या १९०२ च्या खोगिरात फळ्या कमानींना पक्क्या जोडलेल्या असत. १९१२ मध्ये त्या खिळीवर फिरत्या केल्या. मोहिमेवर घोडा वाळतो, पाठीचा आकार बदलतो. फळी थोडी फिरली तर ती बदललेल्या पाठीवरही पूर्ण टेकते. या सुधारणेमागे मोठी किंमत मोजलेली आहे. १८९९ ते १९०२ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिशांचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. उपासमार, आजार आणि अतिश्रम ही त्याची मोठी कारणं होती. त्यानंतर घोड्याची निगा आणि खोगीर यांकडे लष्कराने नव्याने पाहिलं.

फळ्यांची टोकं कमानींच्या बाहेर येतात. पुढच्या टोकाला बर म्हणतात, मागच्या रुंद टोकाला फॅन. पुढचं टोक खवाट्याला रोखत नाही ना, हे पाहायचं. पाय पुढं टाकताना घोड्याचं खवाट्याचं हाड मागे सरकतं, त्याला वाट मोकळी हवी. मागचं टोक कमरेत रुतत नाही ना, हेही पाहायचं. वजन शेवटच्या बरगडीच्या मागे गेलं तर ते कमरेवर येतं, आणि कमरेला खालून बरगड्यांचा आधार नसतो.

आमच्या खोगिराचा दोष इथंच सापडला. उजव्या फळीला पुढच्या कमानीजवळ चीर गेली होती. कुणीतरी त्यावर पत्र्याची पट्टी खिळ्यांनी ठोकली होती आणि वर चामडं ओढून रंग दिला होता. त्या पट्टीमुळे फळीचं फिरणं बंद झालं होतं. पट्टीची कड बिजलीच्या सुजेच्या जागेवरच येत होती. आबांनी माझं बोट त्या कडेवरून फिरवलं. मला काही बोलायला सुचलं नाही.

सांगाडा तपासायची त्यांची रीत सोपी आहे. बसून खोगीर दोन गुडघ्यांत धरायचं आणि पुढची-मागची कमान एकमेकींकडे दाबायची. कुरकुर आवाज आला, किंवा मधेच कुठं वाकलं, तर ते खोगीर घ्यायचं नाही. फिरत्या फळीचं खिळीपाशी हलणं चालतं, ते तसंच हवं. इतर कुठं हललं तर मोड आहे. मग समोरून आणि मागून डोळा लावून बघायचं. दोन्ही फळ्या एकाच उंचीवर, एकाच कलाने दिसायला हव्यात. शेवटी एक दोरी घेऊन दोन्ही बाजूंना पुढच्या कमानीपासून मागच्या टोकापर्यंत अंतर मोजायचं. दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे.

सांगाड्याच्या खाली नमद्याच्या गाद्या असतात. याच आम्हाला मिळाल्या नव्हत्या. लाकडाची फळी आणि घोड्याची पाठ यांच्यामध्ये दाब पसरवायचं काम त्या करतात. त्यांच्या खाली घोंगडी. लष्करात ही घोंगडी ठरावीक घड्या घालूनच टाकतात, आणि घोडा वाळला तर घडी बदलून जाडी वाढवतात. ती घालायचीही रीत आहे. आधी विदर्सच्या पुढं, मानेवर ठेवायची, मग केसांच्या दिशेने मागे ओढायची, म्हणजे खालचे केस उलटे होत नाहीत. पुन्हा पुढं ढकलायची नाही. मागे जास्त गेली तर उचलून परत पुढून सुरुवात करायची. खोगीर चढवल्यावर घोंगडीचा मधला भाग हाताने वर उचलून पुढच्या कमानीत सारायचा. तसं केलं नाही तर तंग आवळल्यावर घोंगडीच विदर्सवर ताणून बसते.

वरची बैठक दोन कमानींच्या मधे ताणून बसवलेल्या चामड्याची असते. स्वार त्या चामड्यावर बसतो, त्याचं वजन कमानींतून फळ्यांवर उतरतं. बैठकीचं चामडं सैल पडून खाली आलं, तर स्वाराचं वजन थेट कण्यावर जातं. म्हणून बैठकीवर जोरात दाबून खालून हात घालून पाहायचं, कण्याची जागा मोकळी राहते का. बाजूचे मोठे फ्लॅप स्वाराचे पाय तंगाच्या बकलांपासून दूर ठेवतात.

आता तंग. या खोगिराला तो साधा एका पट्ट्याने लावत नाहीत. पुढच्या कमानीजवळून एक पट्टा आणि मागच्या टोकाजवळून दुसरा, असे दोन पट्टे खाली येऊन इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात मिळतात, आणि तिथं तंग जोडला जातो. त्यामुळे ओढ पुढच्या आणि मागच्या भागावर वाटली जाते. कोणता पट्टा किती आवळायचा, यावर तंग पुढं येणार की मागे जाणार हे ठरवता येतं. आमच्या खोगिरात उजवीकडचा मागचा पट्टा कापून टाकलेला होता. त्या बाजूची सगळी ओढ पुढं येत होती, आणि फळीचं पुढचं टोक, पत्र्यासकट, घोडीच्या अंगात दाबलं जात होतं. मागचा भाग चालताना उचलला जात होता. उतारावर ती लहान पावलं का टाकत होती, ते मला तेव्हा समजलं.

सगळ्यावरून एक लांब पट्टा येतो, तो सरसिंगल. तंग तुटला तरी खोगीर जागेवर राहावं म्हणून तो असतो. तो तंगापेक्षा जास्त आवळायचा नाही. पुढून छातीपट्टा. चढावर खोगीर मागे घसरू नये म्हणून. मागून शेपटीखालून दुमची. उतारावर खोगीर पुढं खांद्यावर जाऊ नये म्हणून. दुमची शेपटीखाली काचत नाही ना, हे हात घालून बघायचं. रिकिबीचे पट्टे दोन्ही बाजूंना सारख्या लांबीचे हवेत. डाव्या रिकिबीतून रोज चढल्यामुळे डावा पट्टा ताणून लांब होतो, म्हणून अधूनमधून डावा-उजवा बदलायचे. रिकीब बुटापेक्षा थोडी रुंद हवी. पडताना पाय अडकून राहणं सर्वांत धोक्याचं.

मग त्या पितळी कड्या. मला त्या शोभेच्या वाटल्या होत्या. प्रत्येक कडीला काम होतं. पुढं दोन चामडी पिशव्या, गुंडाळलेला कोट, मागे तोबरा, उजवीकडे रायफलची लांब चामडी बकेट, डावीकडे जादा नाल आणि खिळ्यांची पिशवी, तिलाच तलवार. स्वार, शस्त्रं आणि सामान मिळून घोड्यावर शंभर किलोंच्या पुष्कळ वर वजन जाई. म्हणून सामान दोन्ही बाजूंना तोलून लावायचा नियम कडक होता. कावडीसारखंच आहे, एका बाजूला जड झालं की सगळं तिकडे ओढलं जातं, आणि इथं ती ओढ घोड्याच्या पाठीवर घासते.

सगळं सांगून झाल्यावर आबा म्हणाले, “ह्ये खोगीर वाईट न्हाई. ह्याचं निम्मं अंग गेलंय.” दुरुस्त होईल, पण सांगाड्याचं काम जाणकारानेच करायला हवं. व्यापाऱ्याने खोगीर परत घ्यायला नकार दिला. तेव्हा आम्ही दुरुस्तीच्या मागे लागलो.

हे काम करणारे कारागीर कानपूरला आहेत. ब्रिटिश काळात तिथं लष्करासाठी खोगीर आणि साज बनवायचा सरकारी कारखाना निघाला, आणि त्याभोवती हा धंदा वाढला. कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. ओळखीतून एक कारागीर मिळाला. त्याने पहिल्यांदा बिजलीच्या पाठीचं माप मागितलं.

माप घ्यायची रीत कुणालाही जमण्यासारखी आहे. घोडा सपाट जमिनीवर चारी पायांवर सरळ उभा करायचा. वाकेल पण आपोआप सरळ होणार नाही अशी जाड तार घ्यायची. पहिलं माप खवाट्याच्या लगेच मागे, दुसरं बैठकीच्या मधोमध, तिसरं शेवटच्या बरगडीपाशी. प्रत्येक वेळी तार पाठीवर आडवी दाबून आकार घ्यायचा, अलगद उचलून पुठ्ठ्यावर ठेवायची आणि आतल्या बाजूने पेन्सिल फिरवायची. एक माप पाठीवर लांबीने घ्यायचं. पुठ्ठा कापून घोड्यावर परत लावून बघायचा, फट राहत असेल तर पुन्हा घ्यायचं. डावी-उजवी बाजू लिहून ठेवायची. सूज उतरल्यावरच माप घ्या, नाहीतर ते सुजेचं माप होतं.

कारागिराने उजवी फळी नवी घातली, खिळी मोकळी केली, तंगाचे पट्टे दोन्हीकडे नवे लावले आणि नमद्याच्या गाद्या करून पाठवल्या. खर्च खोगिराच्या किमतीपेक्षा जास्त आला. तो करताना जड गेलं, हे खरं आहे.

खोगीर आल्यावरही लगेच बसलो नाही. आबांनी आधी ते घोंगडीशिवाय, नुसत्या पाठीवर ठेवून दाखवलं. फळीखाली पुढून मागेपर्यंत हात सरकवला. हात कुठं अडकत नव्हता आणि कुठं पोकळही लागत नव्हता. मग घोंगडी घालून, तंग आवळून, मला वर बसवलं आणि पुढं वाकायला सांगितलं. मी वाकलेली असताना पुढच्या कमानीखाली त्यांची दोन बोटं आरामात जात होती. मागे रेलायला सांगितलं, आणि मागच्या कमानीखालून आरपार उजेड दिसतो का ते पाहिलं. स्वार वर असतानाच ही तपासणी करायची. रिकामं खोगीर नेहमी चांगलंच बसलेलं दिसतं.

सुरुवातीला फक्त चालीवर, थोडा वेळ. परत आलं की आधी घामाचा ठसा बघायचा. दोन्ही बाजूंना सारखा ओला आणि मधे कण्यावर कोरडा पट्टा, हा ठसा बरोबर. कण्यावरची कोरडी जागा चांगली, कारण तिथं काही टेकलेलंच नसतं. फळीखालची कोरडी जागा वाईट.

आणखी एक गोष्ट घोडदळात पाळतात, ती आम्ही आता पाळतो. लांबून आल्यावर खोगीर लगेच ओढून काढायचं नाही. तंग दोन भोकं सैल करायचा, घोडा थोडा हाताने चालवायचा, पाठ हळूहळू निवू द्यायची. मग खोगीर काढून खोगिराच्या जागेवर तळहाताने चोळायचं. दाबलेल्या भागात रक्त परत सावकाश यायला हवं. शेवटचा टप्पा स्वाराने उतरून पायी चालायचं, हीही तिकडचीच रीत.

आमच्याकडच्या पावसात चामड्यावर बुरशी येते. ओलं खोगीर उन्हात किंवा चुलीजवळ वाळवायचं नाही, चामडं तडकतं. सावलीत वाऱ्यावर वाळवायचं, सॅडल सोपने पुसायचं, तेल अगदी हलकं लावायचं. तेल जास्त झालं तर पट्टे ताणतात आणि शिवण कुजते. खोगीर जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवायचं नाही, लाकडी घोडीवर ठेवायचं. बसण्याआधी प्रत्येक शिवण आणि प्रत्येक बकल ओढून बघायचं. घोंगडी रोज झटकायची, कुसळ राहिलं तरी जखम होते.

बिजलीच्या उजव्या बाजूला थोडे पांढरे केस आले, ते आता जाणार नाहीत. बाकी ती पूर्ण बरी आहे. तंग आवळताना कान मागे पाडत नाही. आम्ही घाटात जातो, दोन्हीकडे सारखं सामान लावून.

लष्करी खोगीर घ्यावं का, असं विचाराल तर जरूर घ्या. लांबच्या वाटेला ते उत्तम आहे. पण चामड्याच्या चकाकीचे पैसे देऊ नका, सांगाड्याचे द्या. विकत घेताना ते उलटं करा, फळ्या चाचपा, कमानी दाबा, दोरीने मोजा, तंगाचे चारही पट्टे आणि खालच्या गाद्या आहेत का ते बघा. यातलं एखादं जरी नसेल, तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा किंवा सरळ नको म्हणा. आणि खोगीर चढवताना घोड्याने कान मागे पाडले, तोंड वळवलं, पाठ खाली दाबली, तर त्याला दरडावू नका. आधी तंग सोडा आणि खोगीर तपासा.